निरीक्षणाच्या रकान्यात

शाळेच्या सुवर्णमहोत्सव समितीच्या पोरांनी फोनवर गळ घातली, "अण्णा, तुमच्या गुप्तहेरगिरीच्या गोष्टी लिहा." गावात माझी ओळख अशीच आहे. सातवीच्या सहलीत बाणूरगडावर बहिर्जी नाईकांची समाधी पाहिली होती, त्यामुळे वेषांतर, दाढीमिशा, नंदीबैल असलं सगळं माझ्याही डोक्यात होतं. प्रत्यक्षात माझ्या वाट्याला पेन्सिल, नकाशा आणि रजिस्टर आलं.

दहावीनंतर वर्गातली निम्मी मुलं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यात कुणी मद्रासला, कुणी कलकत्त्याला गेली. मी मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झालो. बेळगावचं रिक्रूट ट्रेनिंग झालं, पलटणीत दोन-तीन वर्षं गेली. अक्षर बरं आणि नकाशा वाचता येतो म्हणून इंटेलिजन्स सेक्शनमध्ये घेतलं, आणि कोर्ससाठी पुण्याला धाडलं. नकाशा वाचता येण्याचं श्रेय भूगोलाच्या बाईंचं. त्यांनी समोच्च रेषा शिकवायला बटाटा कापून आणला होता. पुढे 1:50,000 च्या नकाशावर, जिथे 2 सेंटिमीटर म्हणजे 1 किलोमीटर, रेषा दाटल्या की चढ उभा, हे मला कुणी वेगळं सांगावं लागलं नाही.

कोर्समधलं सगळंच लिहिता येणार नाही. सरकारी गुपितांबद्दलचा 1923 चा कायदा आहे, आणि तसंही निम्मं विसरलो. पण विमानातून काढलेले फोटो पाहायची मजा सांगतो. एकाच जागेचे लागोपाठचे दोन फोटो, एकात दिसणारा साधारण 60 टक्के भाग दुसऱ्यातही आलेला. ते स्टिरिओस्कोप नावाच्या दोन भिंगांच्या यंत्राखाली शेजारी ठेवून सरकवत राहायचं. आधी नुसतं डोकं दुखतं. मग अचानक दोन्ही चित्रं एक होतात आणि टेकडी कागदातून वर येते! पहिल्यांदा मी हात लावून पाहिला होता.

एकदा सासवडकडच्या माळावर टेहळणीचा सराव होता. दुपारी लांबवर धुळीचा लोट दिसला. मी वेळ, दिशा, नकाशावरची जागा सांगणारा सहा आकडी ग्रिड रेफरन्स टाकून झोकात लिहिलं, "शत्रूच्या तीन-चार गाड्या." उस्तादांनी कागद वाचला आणि विचारलं, "गाड़ी देखी या धूल देखी?"

"धूल, उस्ताद."

"तो धूल लिखो."

अर्ध्या तासाने लोट जवळ आला. धनगराची मेंढरं होती. खानापूर तालुक्यात जन्म काढलेल्या माणसाला मेंढरांची धूळ ओळखू आली नाही! त्या संध्याकाळी पाठीवर पूर्ण पिट्टू घालून मैदानाला किती फेऱ्या मारल्या, ते मोजायचं मात्र राहून गेलं.

पळता पळता आठवले ते आपले विज्ञानाचे सर. प्रयोगवहीत कृती, निरीक्षण, अनुमान असे रकाने असायचे. मी निरीक्षणाखाली लिहिलं होतं, "कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडला." सरांनी लाल रेघ मारली. "तुला वायू दिसला का रे? चुन्याची निवळी दुधाळ झालेली दिसली. तेवढंच लिही." पान फाडून पुन्हा लिहायला लावलं. तेव्हा ते छळवादी वाटले. काही वर्षांनी पुण्यात तोच धडा पुन्हा गिरवला, फक्त हिंदीतून.

कोर्समध्ये बातमीला मार्क द्यायलाही शिकवलं. सांगणारा किती भरवशाचा याला ए ते एफ, आणि बातमी कितपत खरी याला 1 ते 6. दोन्ही वेगवेगळे, कारण भरवशाचा माणूसही चुकीची बातमी आणतो आणि थापाड्याही कधी खरं बोलतो. एफ-6 म्हणजे खोटं नव्हे, तर दोन्हींबद्दल अजून काही ठरवता येत नाही. घरी सौ. शेजारची बातमी घेऊन आली की मी अजून मनात मार्क देतो. तोंडाने देत नाही.

1999 साली, कारगिल युद्धाच्या तोंडावर, बटालिक भागात ताशी नामग्याल नावाचा मेंढपाळ हरवलेला याक शोधायला गेला होता. दुर्बिणीतून त्याला डोंगरावर खोदकाम करणारी अनोळखी माणसं दिसली, आणि त्याने ती खबर लष्कराला दिली. मी तेव्हा तिकडे नव्हतो, पण ही गोष्ट समजली तेव्हा सासवडची मेंढरं डोळ्यांपुढे आली. मेंढपाळाने जे दिसलं ते सांगितलं होतं.

पेन्शनीत आल्यावर सरांना भेटायला गेलो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा. त्यांनी विचारलं, "एवढी वर्षं तिथं नेमकं काय करायचास?"

म्हटलं, "निरीक्षण, सर."

"आणि अनुमान?"

"ते साहेब लोक काढायचे."

सर इतके हसले, की आतून काकू पाणी घेऊन आल्या.