माझा अनुभव : दोन देशांतील अर्ज आणि यंत्राची पहिली चाळणी

नोकरी बदलायचे ठरवल्यावर पुण्यातील एका मोठ्या आयटी कंपनीत आणि जर्मनीतील एका मध्यम आकाराच्या कंपनीत, सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या जवळजवळ सारख्याच कामासाठी, मी एकाच सुमारास अर्ज केले. दोन्हीकडे पहिली चाळणी कृत्रिम बुद्धिमत्तेची होती, तरी उमेदवाराला मिळालेली वागणूक फार वेगळी होती.

पुण्यात पहिला अडथळा नावाचा आला. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग माझे नाव, मग वडिलांचे. पदवीवर माहेरचे आडनाव आणि आधार कार्डावर सासरचे. विवाह प्रमाणपत्र पाहिले की आपल्याकडच्या कोणत्याही कारकुनाला याचा उलगडा होतो. कागदपत्रे पडताळणाऱ्या प्रणालीला मात्र त्या दोन वेगळ्या व्यक्ती वाटल्या. मदतीसाठी दिलेल्या दुव्यावर उत्तर द्यायलाही चॅटबॉटच होता. अखेर नोटरी केलेले प्रतिज्ञापत्र जोडल्यावर अर्ज पुढे सरकला.

नंतरची व्हिडिओ मुलाखत एकतर्फी होती : पडद्यावर प्रश्न उमटतो, विचार करायला अर्धा मिनिट मिळतो आणि मग कॅमेऱ्याकडे पाहत दोन मिनिटे बोलायचे. समोरच्याने मान डोलावली की आपण पुढे जातो, कपाळाला आठी पडली की उदाहरण देतो. इथे तो आधारच नसतो. त्यात स्वतःची फुशारकी मारू नये अशा वळणात वाढल्यामुळे मी आधी टीमने काय केले तेच सांगत राहिले. माझी नजर, आवाज की इंग्रजीतला मराठी हेल, नेमके काय मोजले जात आहे हे कुठेही लिहिलेले नव्हते. अशा व्हिडिओ मुलाखतींची प्रणाली पुरवणाऱ्या हायरव्ह्यू या अमेरिकी कंपनीने उमेदवारांच्या चेहऱ्याचे विश्लेषण थांबवल्याचे 2021 मध्येच जाहीर केले होते. पण इथली प्रणाली कोणाची, हेसुद्धा समजले नाही. नकाराचा ईमेल आला, त्या पत्त्यावर उत्तर पाठवण्याची सोय नव्हती.

जर्मन अर्जाच्या पहिल्याच पानावर मात्र प्राथमिक क्रमवारी संगणक लावतो, रेकॉर्ड केलेल्या उत्तरांचा केवळ मजकूर तपासला जातो आणि सहा महिन्यांनी तो नष्ट केला जातो, असे स्पष्ट लिहिले होते. युरोपीय संघात 2018 पासून लागू असलेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याच्या कलम 22 नुसार, केवळ यंत्राने घेतलेल्या महत्त्वाच्या निर्णयाला हरकत घेऊन माणसाचा हस्तक्षेप मागता येतो, आणि कंपनी तिथली असल्यामुळे पुण्यात बसलेल्या अर्जदारालाही हा हक्क मिळतो. सुरुवातीचा नकार आल्यावर मी तो वापरला. आपल्याकडच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात असा स्वतंत्र हक्क नाही, ही मला त्यातली मोठी उणीव वाटते.

माझ्या चार ओळींच्या पत्राला एचआरमधील बाईंनी सविस्तर उत्तर दिले : उत्तरांत माझा स्वतःचा वाटा दिसत नसल्याने क्रमांक खाली गेला होता. त्यानंतर दोन इंजिनिअरांशी व्हिडिओ कॉल झाला. त्यांचे निर्विकार ऐकणे सुरुवातीला यंत्राइतकेच थंड वाटले (तिथे हसून धीर देण्याची पद्धत फारशी नसावी), पण ‘यातले तुम्ही स्वतः काय केले?’ असे त्यांनी थेट विचारले, आणि याचे उत्तर माझ्याकडे तयार होते. पुढच्या फेरीत माझी निवड झाली. पगाराची बोलणी संपूर्णपणे माणसांशीच झाली, आणि ती सगळ्यात अवघड गेली.