नायट्रोजनविना ताट : दुसरी खेप

मातीतले जिवाणू प्लेटवर वाढवायचा प्रयोग. पहिल्या खेपेत त्यांच्या खाद्यात साखर, क्षार, खडू सगळं घातलं होतं, फक्त नायट्रोजन वगळला होता. हवेतला नायट्रोजन स्वतः बांधून घेणारे अ‍ॅझोटोबॅक्टर जिवाणू तेवढे उगवतील, असा बेत. झालं उलटंच. तिसऱ्या दिवशी सगळ्या प्लेटवर पातळ, फिकट साय धरली. ज्यांना उपाशी ठेवायचं होतं, ते मजेत जेवत होते.

चोर निघाला चायना ग्रास, म्हणजे खाद्य जेलीसारखं घट्ट करणारा अगर. किराणा दुकानातल्या त्या पट्ट्यांत थोडाफार नायट्रोजन असतोच, आणि चिमूटभरात भागवणारे जिवाणू मातीत रग्गड. या वेळी पट्ट्या रात्रभर भिजवल्या, चारदा पाणी बदललं. पहिलं पाणी पिवळट निघालं.

दुसरी चूक खडूची. अ‍ॅझोटोबॅक्टरला आंबटपणा सोसत नाही, म्हणून कॅल्शियम कार्बोनेट हवं. ते व्हिनेगरमध्ये फसफसतं. माझा फळ्याचा खडू टाकला, एक बुडबुडा नाही. म्हणजे जिप्सम, कॅल्शियम सल्फेट! अंड्याची टरफलं वाळवून कुटली, ती फसफसली. आई म्हणाली, "काऊन रे, आता टरफलं खातोस का?" प्लेटचं खाद्य निर्जंतुक करायला जुना कुकर वेगळा काढलाय, तरी दिवाळीच्या फराळात गॅस मिळणं कठीणच.

अर्ध्या लिटरला: साखर १० ग्रॅम, डायपोटॅशियम फॉस्फेट, मॅग्नेशियम सल्फेट आणि मीठ प्रत्येकी ०.१ ग्रॅम, पोटॅशियम सल्फेट ०.०५, टरफलाची पूड २.५, चायना ग्रास ७.५. मूळ कृतीत साखरेऐवजी मॅनिटॉल (साखरेसारखाच गोड पदार्थ) आहे, पण साखरेवरही काम होतं. साखर एवढी का? हा गडी नायट्रोजन बांधणारं एन्झाइम ऑक्सिजनपासून वाचवायला श्वासोच्छ्वास जोरात चालवतो, इंधन भसाभस जाळतो. त्या एन्झाइमला लोह आणि मॉलिब्डेनम लागतं, पण अगदी नखभर. तेवढं मिळावं म्हणून डिस्टिल्डऐवजी नळाचंच पाणी घेतलं. कुकरच्या शिट्ट्या मोजू नका. पहिलीनंतर आच मंद करून २० मिनिटं घड्याळ बघा.

माती काटोलच्या मामांच्या संत्र्याच्या बागेतली, काळी. ओलसर करून सुईच्या टोकाने तांदळाच्या कणीएवढे २५ कण प्लेटवर ओळीने मांडले.

चौथा दिवस: १७ कणांभोवती चिकट, पारदर्शक कडं, साबुदाण्याच्या खिरीच्या थेंबासारखं. बाकी प्लेट कोरी. सातव्या दिवशी कडांना तपकिरी छटा आली. अ‍ॅझोटोबॅक्टरच्या क्रोकोकम जातीचा हा रंग. डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बायरिंकने १९०१ मध्ये याच जातीचं वर्णन केलं होतं. सूक्ष्मदर्शक नाही, त्यामुळे नाव अजून पेन्सिलीनेच लिहिलंय.

तुलनेसाठी एका प्लेटमध्ये चिमूटभर अमोनियम सल्फेट, म्हणजे आयता नायट्रोजन, घातलं होतं. तिथे तिसऱ्याच दिवशी जत्रा: पिवळे, पांढरे, एक गुलाबी, कडेला बुरशी. टेप लावून झाकणावरूनच बघितलं. नंतर न उघडता कुकरात अर्धा तास, मग कचऱ्यात.

पुढच्या रविवारी तीच माती, तीच कृती, फक्त टरफलाची पूड न घालता.