सर्व्हर बंद पडला की आधी लॉग बघा, बटण नंतर

सर्व्हर हँग झाला की आपल्याकडं पहिलं काय होतं, तर कुणीतरी जाऊन पॉवर बटण दाबून धरतं. मशीन परत चालू होतं, टॅली उघडतं, सगळे कामाला लागतात, आणि तो बंद का पडला होता ते कुणालाच कळत नाही, मग थोड्या दिवसांनी परत तेच. मी सोलापुरातल्या लहान-मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर बघतो, बहुतेक लांबूनच, आणि सगळ्यांना माझं एकच सांगणं असतं की आधी फोन करा, बटणाला हात लावू नका, मला पाच-दहा मिनिटं द्या.

तेवढ्या वेळात बरंच कळतं. सर्व्हरच्या मदरबोर्डवर बीएमसी नावाची एक वेगळी चिप असते, म्हणजे एक छोटा कॉम्प्युटरच. डेलवाले तिला आयड्रॅक म्हणतात, एचपीवाले आयएलओ. विंडोज अडकू दे, डिस्क जाऊ दे, अख्खं मशीन बंद असू दे, पॉवर केबलमध्ये करंट आहे तोवर ही चिप जागी असते. तिला स्वतःचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता असतो. घरी बसून मी तिच्यावर लॉगिन करतो आणि त्या सर्व्हरची स्क्रीन जशी आहे तशी मला दिसते, विंडोजची निळी एरर स्क्रीन असेल तर ती, लिनक्स कोसळल्याचा मेसेज, म्हणजे कर्नल पॅनिक, असेल तर तो. रीस्टार्ट केलं की ही स्क्रीन गेली, म्हणून सगळ्यात आधी तिचा स्क्रीनशॉट. त्यानंतर इव्हेंट लॉग, म्हणजे मशीनमध्ये काय कधी घडलं याची बीएमसीनं ठेवलेली नोंद, मग सेन्सर, आणि रीस्टार्ट सगळ्यात शेवटी, तोही इथूनच करता येतो.

आता अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं सांगतो. एप्रिल महिना, रोज दुपारी सर्व्हर आपोआप बंद. अकाउंटंटचा फोन, "ओ सर, परत गेला की ओ सर्व्हर." सगळ्यांचा संशय युपीएसवर, मालक तर नवीन युपीएसचं कोटेशन मागवून बसलेले. मी लॉग उघडला तर पॉवर गेल्याची एकही नोंद नाही, उलट स्पष्ट लिहिलंय की प्रोसेसरचं तापमान वरच्या क्रिटिकल लिमिटच्या पुढं गेलं आणि लगेच थर्मल ट्रिप. म्हणजे मशीननं जळू नये म्हणून स्वतःच स्वतःला बंद केलं होतं.

पण गरम का झालं हा पुढचा प्रश्न, आणि इथं सेन्सर नीट वाचावे लागतात. समोरून आत जाणाऱ्या हवेचं तापमान, ज्याला इनलेट म्हणतात, ते २९ डिग्री दाखवत होतं. म्हणजे एसी आपलं काम करतोय. सर्व्हर रूमसाठी १८ ते २७ ची शिफारस असते, त्याच्या जरासं वर, पण त्यानं मशीन मरत नाही. फॅन सगळे चालू आणि फुल स्पीडला. तरी प्रोसेसर तापतोय, म्हणजे फॅन जीव तोडून फिरतायत आणि हवाच आत येत नाही. इनलेटच ४० च्या वर असतं तर मी एसीवाल्याला बोलवायला सांगितलं असतं, एकच फॅन शून्यावर असता तर फॅन मागवला असता. इथं मी अकाउंटंटला म्हटलं, पुढची जाळी काढा आणि फोटो पाठवा. फोटोत जाळीच्या आतल्या बाजूला सुताच्या रुईचा जाडच्या जाड थर, हातानं सोलून निघेल असा. लूम शेजारच्याच शेडमध्ये, दार दिवसभर उघडं. मशीन बंद करून ब्लोअर मारला, दाराला पट्टी लावली, युपीएसचं कोटेशन परत गेलं.

एक गोष्ट नवीन पोरांना हमखास चकवते. लॉगमध्ये वेळ होती ९:१२, आणि सर्व्हर बंद पडला होता दुपारी पावणेतीनच्या सुमारास. बऱ्याच बीएमसींचं घड्याळ युटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असलेल्या जागतिक वेळेवर असतं, त्यात साडेपाच तास मिळवा, २:४२, बरोबर जुळलं. हे ध्यानात नसलं की माणूस सकाळच्या घटना शोधत बसतो.

रॅमचंही असंच आहे. ईसीसी रॅम चुका स्वतः दुरुस्त करते, त्यामुळं वापरणाऱ्याला काहीच जाणवत नाही, पण लॉगमध्ये एकाच स्लॉटचं नाव पुन्हा पुन्हा यायला लागलं की ती पट्टी बदलायची वेळ झाली समजा, दुरुस्त न होणारी चूक येऊन मशीन पडायची वाट बघू नका. दोन पॉवर सप्लायपैकी एक गेला तरी सर्व्हर चालूच राहतो, कुणाला पत्ता लागत नाही, म्हणून ईमेल अलर्ट लावणं मी सक्तीचंच करतो.

आणि एवढी सोय असून कित्येक ठिकाणी बीएमसीच्या नेटवर्क पोर्टला केबलच लावलेली नसते, याचं मला खरंच वाईट वाटतं. पैसे भरलेत, चिप आत आहे, फक्त कुणी लावून दिली नाही. सर्व्हर घेतानाच व्हेंडरला विचारा की रिमोट कन्सोलचं, म्हणजे लांबून स्क्रीन बघायचं लायसन्स कोटेशनमध्ये आहे का, कारण डेलमध्ये ते साध्या लायसन्समध्ये येत नाही, एंटरप्राइझ लागतं.

मात्र हे पोर्ट राउटरवरून थेट इंटरनेटला उघडू नका, अजिबात नाही. बीएमसीशी नेटवर्कवरून बोलायची आयपीएमआय नावाची जुनी पद्धत आहे, तिच्या २.० आवृत्तीच्या लॉगिनमध्येच अशी खोट आहे की पासवर्ड माहीत नसलेल्यालाही त्याचा हॅश, म्हणजे पासवर्डवरून बनवलेला सांकेतिक मजकूर मिळतो, मग तो निवांत बसून फोडतो. २०१३ पासून हे सगळ्यांना माहीत आहे आणि ते डिझाइनमध्येच असल्यानं नुसत्या अपडेटनं जात नाही. त्यातून जुन्या डेलवर रूट आणि कॅल्विन हाच लॉगिन तसाच ठेवलेला असतो. पासवर्ड बदला, लांब ठेवा, वेब पेज आणि रेडफिश या नव्या पद्धतीवर काम भागत असेल तर आयपीएमआय ओव्हर लॅन, म्हणजे नेटवर्कवरून चालणारं आयपीएमआय, बंदच करा, आणि बाहेरून यायचं तर आधी व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायचा सुरक्षित रस्ता, मगच बीएमसी. ज्यांच्याकडं व्हीपीएन नाही त्यांच्याकडं मी आधी तो बसवतो, मगच त्या पोर्टला केबल लावतो.