तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, मी बाया कर्व्यांचं नाव आधी का घेते

शाळेतून रिटायर झाले तरी वक्तृत्व स्पर्धांचे दिवस आले की फोन सुरू होतात. "बाई, मुलाला थोरामोठ्यांची चरित्रं वाचायला द्यायचीत, सुरुवात कोणापासून करू?" मी म्हणते बाया कर्व्यांपासून करा, की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे महर्षी कर्वे ना?" नाही हो, बाया, त्यांच्या पत्नी. मग पलीकडे जरा शांतता आणि मग "पण का?" फोनवर हे सगळं नीट सांगता येत नाही, कुणाचा कुकर लागलेला असतो, कुणाची बस आलेली असते, म्हणून एकदाच बसून लिहून काढते.

आमच्या शाळेत मूल्यशिक्षणाचा तास असायचा, आणि वर्गात दहा मूल्यांचा तक्ता लावलेला असायचा, श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा, संवेदनशीलता, स्त्री-पुरुष समानता वगैरे. मी एके वर्षी प्रत्येक मूल्यापुढे एकेका माणसाचं नाव लिहिलं. श्रमप्रतिष्ठेपुढे गाडगेबाबा, वैज्ञानिक दृष्टिकोनापुढे आगरकर, स्त्री-पुरुष समानतेपुढे धोंडो केशव कर्वे. मुलांच्या पटकन लक्षात राहतं असं केलं की. मग कर्व्यांची ती साताऱ्याची गोष्ट सांगितली, सतरा वर्षांचा मुलगा, कोकणातल्या मुरूडहून परीक्षेसाठी कुंभार्ली घाट चढून शंभर मैलांच्या वर चालत साताऱ्याला गेला आणि तिथे परीक्षकांनी, हा सतरा वर्षांचा वाटतच नाही, म्हणून परीक्षेलाच बसू दिलं नाही. वर्ग एकदम गप्प होतो या गोष्टीला, दरवर्षी. पुढे विधवेशी लग्न, विधवांसाठी आश्रम, महिला विद्यापीठ, भारतरत्न, वयाची शंभरी, सगळं सांगून झालं.

सातवीतली एक मुलगी होती, फार बोलायची नाही. तिने हात वर केला आणि विचारलं, "बाई, मग त्यांच्या बायको आश्रमात काय काम करायच्या?"

साधा प्रश्न. आणि मला उत्तर येत नव्हतं. इतकी वर्षं कर्वे शिकवत होते आणि त्या घरातली बाई काय करत होती हे मी एकदाही बघितलं नव्हतं. तिला म्हटलं शोधून सांगते, आणि मग शोधायला लागल्यावर हातात आलं बायांचं आत्मकथन, 'माझे पुराण', १९४४ साली प्रसिद्ध झालेलं. त्यानंतर तो तक्ता मला तसा बघवेना.

बायांचं माहेरचं नाव गोदूबाई जोशी. लहानपणीच लग्न झालं आणि काही महिन्यांतच नवरा गेला, म्हणजे संसार कशाला म्हणतात हे कळायच्या आधी वैधव्य, केशवपन, आणि मग सासरी राबणं. भाऊ नरहरपंत मुंबईत कर्व्यांचे मित्र. त्यांनी बहिणीला शिकायला मुंबईला नेलं, पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदा सदन काढलं तिथे, आणि तिथल्या त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. वीस-बावीस वर्षांची बाई, अक्षरओळखीपासून सुरुवात करते आहे, हे नुसतं डोळ्यांपुढे आणून बघा. कर्व्यांची पहिली पत्नी राधाबाई १८९१ मध्ये गेल्या. पुन्हा लग्न करायचं तर विधवेशीच करायचं असं त्यांनी ठरवलं आणि १८९३ मध्ये पुण्यात हे लग्न झालं. बायकोचं नाव आनंदीबाई ठेवलं, पण त्यांना सगळे बायाच म्हणायचे.

लग्नानंतर दोघं मुरूडला गेली तर गावाने वाळीत टाकलं. हेच गाव, ज्याच्या भल्यासाठी कर्व्यांनी आधी मुरूड फंड नावाचा निधी उभा केला होता. स्वतःच्या घरात पाय ठेवायची चोरी झाली, कारण मुलाला घरात घेतलं तर आईवरही बहिष्कार. हा भाग सगळ्या चरित्रांत असतो आणि आपण तो कर्व्यांचं धैर्य म्हणून शिकवतो. बरोबरच आहे. पण त्या दारात दोन माणसं उभी होती ना. कर्व्यांना निदान पुण्यात कॉलेज होतं, गणिताचा तास होता, विद्यार्थी मान देत होते. बायांना पुण्यातही हळदीकुंकवाला कोण बोलावणार, विहिरीवर शेजारी कोण उभं राहणार? बहिष्कार खरा जाणवतो तो रोजच्या पाण्यात आणि सणावारात, आणि ते सगळं बाईच्या वाट्याला येतं.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. पुण्यात प्लेग आला म्हणून आश्रम १९०० मध्ये गावाबाहेर हिंगण्याला हलवला, एक झोपडी बांधून. कर्वे दिवसभर फर्ग्युसनमध्ये शिकवायचे आणि संध्याकाळी चालत हिंगण्याला, रात्री तिथे राहून सकाळी परत. आणि बाया? बाया मुलांना घेऊन पुण्यात. कारण त्या पुनर्विवाहित होत्या. आपल्या विधवा मुलीला आश्रमात शिकायला पाठवणाऱ्या आईबापांना धास्ती असायची की तिथे पाठवलं की मुलीचं दुसरं लग्न लावून देतील, आणि पुनर्विवाह केलेली बाईच तिथे वावरताना दिसली तर संपलंच. त्यामुळे विधवांसाठी निघालेल्या आश्रमात, जी बाई स्वतः विधवा होती आणि जिने नवऱ्याबरोबर तो सगळा बहिष्कार सोसला, तिलाच राहायला जागा नाही. बरीच वर्षं नाही.

सातवीतल्या पोरीला मी हे दुसऱ्या आठवड्यात सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मग त्या चिडल्या नाहीत?"

चिडल्या की. कर्व्यांनी आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाला देऊन टाकली होती, मग घरात पोरांच्या पुढच्या दिवसांसाठी काय उरतं? बायांनी सुईणपणाचं शिक्षण घेतलं, स्वतः चार पैसे मिळवले, घर चालवलं, पोरं वाढवली. आणि ज्या संस्थेने आपल्याला दाराबाहेर ठेवलं तिच्याचसाठी पुढे वर्गणी मागत हिंडल्या. त्यांच्या सांगण्यात रागही आहे आणि अभिमानही आहे, दोन्ही एकाच वाक्यात येतात कधीकधी, आणि मला ते फार खरं वाटतं. गोड करून सांगितलेलं नाहीये काही.

यात अजून एक पदर आहे तो कळल्यावर मी पुस्तक मिटून नुसती बसून राहिले होते. हिंगण्याचा आश्रम उभा करण्यात ज्यांचा सगळ्यात मोठा हात, त्या पार्वतीबाई आठवले म्हणजे बायांची सख्खी धाकटी बहीण. त्याही तरुणपणी विधवा झालेल्या, पदरात एक मुलगा. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही, म्हणून त्या आश्रमात राहू शकत होत्या. विधवेच्या वेशातच त्या गावोगाव फिरून संस्थेसाठी पैसे मागायच्या, आणि त्या वेशामुळेच जुन्या वळणाच्या घरांत त्यांचं बोलणं ऐकून घेतलं जायचं. १९१८ मध्ये ही बाई एकटी अमेरिकेला गेली, इंग्रजी जेमतेम, तिथे लोकांच्या घरची कामं करून राहिली आणि १९२० मध्ये परत आली. दोन बहिणी, एकाच घरातल्या, एकच दुःख भोगलेल्या, एक दाराच्या आत आणि एक दाराबाहेर. दोघींनी मिळून तो आश्रम पेलला असं मी आता शिकवते.

यावर कोणी म्हणतं की बाई, तुम्ही कर्व्यांना कमी लेखताय. अजिबात नाही. मला ते फार मोठे वाटतात. बायांना आश्रमात ठेवलं असतं तर कदाचित दोनचार महिन्यांत पालकांनी मुली काढून नेल्या असत्या आणि आश्रम बंद पडला असता, मग ना १९१६ चं विद्यापीठ, ना १९२० मध्ये उद्योगपती ठाकरसींनी त्या विद्यापीठाला दिलेले १५ लाख. त्यांचा हिशेब चुकला असं म्हणायची माझी हिंमत नाही. पण हिशेब होता, आणि तो कोणाच्या खात्यातून चुकता झाला हे मुलांना सांगायला हवं, एवढंच माझं म्हणणं. आपण मूल्य मूल्य म्हणतो, त्याच शब्दाचा दुसरा अर्थ किंमत असा आहे आणि तो आपण तक्त्यावर कधी लिहीत नाही.

याच घरातला पुढचा माणूस बघा, रघुनाथ, म्हणजे र. धों. कर्वे, राधाबाईंचा मुलगा. विल्सन कॉलेजमध्ये गणिताचे प्राध्यापक, संततिनियमनाचा प्रचार सोडायला तयार नव्हते म्हणून नोकरी सोडावी लागली. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं ते थेट १९५३ मध्ये मरेपर्यंत. अश्लीलतेचे खटले झाले, १९३४ च्या खटल्यात बाजू मांडायला उभे राहिले बाबासाहेब आंबेडकर, तरी दंड झालाच. या माणसाबद्दल मला सगळ्यात जास्त काय वाटतं तर त्यांनी आणि त्यांच्या पत्नी मालतीबाईंनी मूल नको असं ठरवलं आणि शस्त्रक्रिया त्यांनी स्वतःची करून घेतली. बायकोला पुढे केलं नाही. त्या काळात! वडिलांच्या घरात त्यांनी काय काय बघितलं असेल आणि त्याचा याच्याशी काही संबंध असेल का हा विचार माझ्या मनात नेहमी येतो, हा माझा विचार आहे, पुस्तकातला नाही.

तर तेव्हापासून मी कुठलंही चरित्र वाचते ते आधी स्वयंपाकघराच्या बाजूने वाचते. कर्मवीर भाऊराव पाटील घ्या. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था, मग साताऱ्याचं बोर्डिंग, सगळ्या जातींची पोरं एका पंक्तीला जेवतात, हे आपण पाठ करून घेतो. त्या पंक्तीला वाढत कोण होतं? लक्ष्मीबाई, कर्मवीरांच्या पत्नी, सोवळंओवळं पाळणाऱ्या घरातून आलेल्या. ज्या पोरांची सावलीही नको असं लहानपणी ऐकलं असेल त्या पोरांना आईसारखं जेवू घालायचं म्हणजे स्वतःच्या आतलं किती काय मोडावं लागलं असेल. दागिने तर एकेक करून गेलेच, आणि एकदा बोर्डिंगात धान्य नव्हतं तेव्हा गळ्यातलं मंगळसूत्रही गेलं. नवरा जिवंत असताना मंगळसूत्र उतरवून द्यायचं, १९२०-३० च्या काळात, खेड्यात वाढलेल्या बाईने. १९३० मध्ये त्या गेल्या, संस्थेचा पुढचा सगळा विस्तार त्यांनी बघितलाच नाही. मी हे सांगते तेव्हा मुली गळ्याशी हात नेतात, न कळत.

मग सावित्रीबाईंचं काय, असं विचारतात, त्यांचं तर नाव आहे सगळीकडे. हो, आणि म्हणूनच जोतिरावांबद्दल मला वेगळं प्रेम आहे, कारण त्या घरात किंमतही दोघांनी मोजली आणि नावही दोघांचं झालं. शाळेत जाताना अंगावर शेण पडायचं म्हणून जास्तीचं लुगडं बरोबर नेणाऱ्या सावित्रीबाई सगळ्यांना माहीत आहेत. मी मुलांना त्यांची पत्रं वाचायला देते. १८५६ मध्ये त्या आजारी होऊन माहेरी नायगावला होत्या, भाऊ जवळ बसून सेवा करत होता, आणि करता करता बोलत होता की तुम्ही नवराबायको महारामांगांसाठी जे करता ते आपल्या कुळाला बट्टा लावणारं आहे, जातीच्या रीतीने वागा. अंथरुणाला खिळलेली बाई, माहेरचा एकुलता आधार समोर, आणि तरी त्यांनी भावाला तिथल्या तिथे खोडून काढलं आणि हे सगळं जोतिरावांना पत्रात कळवलं. दगड मारणाऱ्या परक्या माणसाला सामोरं जाणं एक वेळ जमेल, पण आजारपणात उशाशी बसलेल्या भावाला नाही म्हणणं मला जास्त अवघड वाटतं. मुलांनाही हे लगेच पटतं कारण भाऊ सगळ्यांना असतो.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. मूल चौथी-पाचवीत असेल तर कर्व्यांची साताऱ्याची पायपीट सांगा, त्या वयाला जिद्दीची गोष्ट हवीच असते, तिच्यात काही मिसळू नका. सातवीत गेलं की लक्ष्मीबाईंचं मंगळसूत्र आणि सावित्रीबाईंचं नायगावचं पत्र. आणि नववी-दहावीचं मूल असेल तर कर्व्यांचं 'आत्मवृत्त' आणि बायांचं 'माझे पुराण' दोन्ही एकदम हातात द्या, १८९३ पासून पुढची दहाएक वर्षं दोन्ही पुस्तकांत समोरासमोर ठेवून वाचायला सांगा, कोणी काय लिहिलंय आणि कोणी काय गाळलंय ते वहीत उतरवून काढायला सांगा. दिवाळीची सुट्टी पुरते त्याला. आणि भाषण मात्र त्याचं त्याला लिहू द्या.