हाड ओळखायचे ते खुणांवरून

शरीररचनाशास्त्राच्या वर्गात हाडांची पेटी उघडली की पहिल्या वर्षाचे विद्यार्थी दोनच प्रश्न विचारतात: हे कोणते हाड आणि ते डावे की उजवे? प्रश्न रास्त आहेत, कारण व्हायव्हाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या, टेबलावर त्यांनाही नेमके हेच विचारले जाते. मात्र या प्रश्नांची उत्तरे तक्ता करून पाठ करण्याची जी पद्धत रूढ झाली आहे ती मला मनापासून खटकते. हाडावरची जवळजवळ प्रत्येक खाच, छिद्र, कंगोरा आणि खडबडीत जागा म्हणजे जिवंतपणी तिथून काही जात होते, तिथे काही टेकत होते किंवा काही ओढत होते याची नोंद असते. ती नोंद कशाची आहे हे समजले की हाडाचे नाव आणि बाजू या दोन्ही गोष्टी मुद्दाम लक्षात ठेवाव्या लागत नाहीत. पाठीचा कणा, छाती, खांदा आणि हात या भागांतील हाडांच्या आधारे हेच मला येथे मांडायचे आहे.

आपल्याकडे हाडांच्या आकाराकडे बारकाईने पाहण्याची परंपरा जुनी आहे. सुश्रुतसंहितेत हाडांचे कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक असे पाच प्रकार केले असून खांद्याचे हाड कपालांत, बरगड्या, पाठ व छाती यांची हाडे वलयांत आणि हातापायांची लांब हाडे नलकांत धरली आहेत. तेथे हाडांची एकूण संख्या ३०० आणि चरकसंहितेत ३६० सांगितली आहे. आज आपण प्रौढ माणसात २०६ हाडे मोजतो. त्या काळी दात आणि चरकाच्या गणनेत तर नखेही हाडांमध्ये धरली जात, हे लक्षात घेतले तर आकड्यांतील तफावत बरीचशी उलगडते. मला महत्त्वाची वाटते ती वर्गवारी, कारण ती हाड प्रत्यक्ष पाहून केलेली आहे.

सुटा मणका हातात आला की त्याला क्रमाने तीन प्रश्न विचारावेत. दोन्ही बाजूंच्या आडव्या फाट्यांत छिद्र आहे का? असेल तर तो मानेचा मणका, कारण त्या छिद्रांतून मेंदूकडे जाणारी व्हर्टिब्रल धमनी वर चढते. छिद्र नसेल, पण मुख्य भागाच्या कडेला बरगडी टेकण्याची गुळगुळीत जागा असेल तर तो छातीच्या पाठीमागचा मणका. दोन्ही नसेल आणि मुख्य भाग रुंद, भक्कम असेल तर तो कमरेचा, कारण धडाचा भार तोलणे हेच त्याचे प्रमुख काम. मानेचे ७, छातीचे १२ आणि कमरेचे ५ असे हे २४ मणके एवढ्यावर तीन गटांत विभागता येतात.

त्यापुढे एकेका गटातील खास मणके ओळखायला शिकावे. मानेच्या पहिल्या मणक्याला, म्हणजे ॲटलसला, मुख्य भागच नसतो. तो नुसते वलय असतो. दुसऱ्याच्या डोक्यावर दातासारखा उभा सुळका असतो आणि त्याभोवती पहिला मणका फिरतो म्हणूनच आपल्याला मान नकारार्थी हलवता येते. सातव्याचा मागचा काटा लांब असतो, मान खाली घातली की तो बोटाला लागतो. त्याचे आडव्या फाट्यातले छिद्र मात्र लहान असते, कारण धमनी बहुधा त्याला वगळून सहाव्यापासून आत शिरते. छातीचा बारावा मणका विद्यार्थ्यांना हमखास गोंधळात टाकतो, कारण त्याचे वरचे सांधे छातीच्या मणक्यांसारखे आणि खालचे कमरेच्या मणक्यांसारखे असतात. तेथे कण्याच्या हालचालीची दिशाच बदलते, हे ध्यानात घेतले की गोंधळ उरत नाही. कमरेचा पाचवा मणका पुढच्या बाजूने अधिक उंच असतो आणि त्याचे आडवे फाटे आखूड पण जाड असतात.

या सगळ्यात मला सर्वांत विलक्षण वाटते ती एक पुसट खूण. छातीच्या पाचव्या ते आठव्या मणक्यांचा मुख्य भाग वरून पाहिला, तर त्याची डावी कड उजवीपेक्षा थोडी चपटी दिसते. हृदयातून निघालेली महाधमनी तेथे कण्याच्या डाव्या अंगाला टेकून खाली उतरते आणि तिच्या आयुष्यभराच्या दाबाने हाडाला हा चपटेपणा येतो. प्लॅस्टिकच्या नमुन्यात अशा खुणा बहुधा पुसल्या जातात, आणि म्हणून खऱ्या हाडाला पर्याय नाही असे माझे ठाम मत आहे. एके काळी भारतातून मानवी सांगाड्यांची मोठी निर्यात होत असे. १९८५ मध्ये सरकारने ती बंद केली. महाराष्ट्रात १९४९ च्या कायद्याने बेवारस मृतदेह वैद्यकीय महाविद्यालयांना मिळण्याची सोय झाली आणि आता स्वेच्छेने देहदान करणाऱ्यांमुळे अभ्यासाला मोठाच आधार मिळतो. टेबलावरचे हाड कोणाच्या तरी देहाचा भाग होते, याचे भान ते उचलताना आणि परत ठेवताना असलेच पाहिजे.

बरगडीची बाजू ठरवण्यासाठी तीन गोष्टी पुरतात: मणक्याला टेकणारे डोके मागे, बाक बाहेर आणि आतल्या बाजूची पन्हळ खालच्या कडेला. या पन्हळीत शीर, धमनी आणि मज्जातंतू असतात. म्हणूनच छातीतले पाणी काढताना डॉक्टर सुई बरगडीच्या खालच्या कडेलगत न घालता खालच्या बरगडीच्या वरच्या कडेवरून घालतात. पहिली बरगडी आखूड, रुंद आणि वरखाली चपटी असते. ती योग्य बाजू वर करून टेबलावर ठेवली तर तिची दोन्ही टोके टेबलाला लागतात. उलटी ठेवली तर डोके अधांतरी राहते. अकरावी व बारावी बरगडी पुढे कशालाच जोडलेली नसते, त्यामुळे त्यांची टोके निमुळती असतात. मधल्या बरगड्यांचा नेमका क्रमांक सांगणे मात्र अनुभवी माणसालाही कठीण जाते, आणि विद्यार्थ्यांनी त्यात फार वेळ घालवू नये असे मला वाटते. छातीच्या मधल्या हाडाविषयी एवढेच सांगतो की, त्याच्या वरच्या दोन भागांच्या सांध्यावरचा उंचवटा बोटाने सापडतो आणि दुसरी बरगडी तेथेच जुळत असल्यामुळे जिवंत माणसाच्या बरगड्या मोजायला तेथूनच सुरुवात करतात.

गळ्याखालचे आडवे हाड, म्हणजे क्लॅव्हिकल, मी नेहमी विद्यार्थ्याला स्वतःच्या अंगावर धरून पाहायला सांगतो. चपटे टोक खांद्याकडे, जाड चौकोनी टोक छातीच्या मध्याकडे, आतला दोन तृतीयांश भाग पुढे फुगीर आणि स्नायूची उथळ खाच खाली आली, की हाड आपोआप आपल्या बाजूला बसते. पसरलेल्या हातावर पडल्यास आघात याच हाडातून धडाकडे जातो आणि बाक जिथे उलटतो तिथे ते बहुधा मोडते. गर्भात पाचव्या-सहाव्या आठवड्यात सर्वांत आधी हाड बनू लागते ते हेच, आणि त्याचे आतले टोक पूर्ण जुळते ते पंचविशीच्या आसपास, काहींमध्ये त्यानंतरही. वाढ पूर्ण झालेल्या तरुण व्यक्तीच्या सांगाड्याचे वय ठरवताना न्यायवैद्यक तज्ज्ञ हे टोक आवर्जून पाहतात ते यामुळेच.

खांद्याचा फरा, म्हणजे स्कॅपुला, त्यामानाने सोपा आहे. आडवा कंगोरा पाठीकडे, दंडाचे हाड बसणारी उथळ खोबण बाहेर आणि अणकुचीदार कोपरा खाली धरला की बाजू ठरते.

दंडाच्या हाडात, ह्युमरसमध्ये, गोल डोके वर आणि आत, तर कोपराजवळचा खोल खड्डा मागे असतो. त्याच्या मागच्या अंगावरून तिरकी उतरणारी उथळ खाच बोटाने चाचपून पाहावी. तीत रेडियल मज्जातंतू हाडालगत असतो, त्यामुळे तेथे हाड मोडले तर मनगट लुळे पडू शकते. खालच्या टोकाचा आतला उंचवटा बाहेरच्यापेक्षा ठळक असतो आणि त्याच्या मागून अल्नार मज्जातंतू जातो. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत जी झिणझिणी जाते ती त्याचीच.

कोपराखालच्या दोन हाडांपैकी करंगळीच्या बाजूच्या अल्नाचे वरचे टोक पान्याच्या तोंडासारखे असते. ते तोंड पुढे धरावे आणि शेजारची लहान खाच ज्या बाजूला येईल ती अंगठ्याची बाजू समजावी. अंगठ्याकडच्या रेडियसचे डोके वर, रुंद टोक मनगटाकडे आणि स्नायूबंधांच्या खाचा असलेला पृष्ठभाग मागे असतो.

दोन्ही टोके मोडून केवळ मधला तुकडा हाती आला तरी बरेच काही सांगता येते. दंडाच्या आणि कोपराखालच्या हाडांतील पोषक छिद्र, म्हणजे हाडाला रक्त पुरवणारी धमनी जिथून आत जाते ते छिद्र, सहसा कोपराच्या दिशेने तिरके आत शिरते, कारण या हाडांची अधिक वाढ कोपरापासून दूरच्या टोकाला होते. एक बारीक काडी छिद्रात हलकेच धरली की कोपर कोणीकडे हे कळते. रेडियसमध्ये ते छिद्र बहुधा पुढच्या पृष्ठभागावर असते आणि धारदार कड अल्नाकडे, म्हणजे आत वळलेली असते. वर-खाली, पुढे-मागे आणि आत-बाहेर या तिन्ही दिशा अशा ठरल्या की तो तुकडा डाव्या हाताचा की उजव्या, हे टोकांवाचूनही सांगता येते.