चुना थांबवा!

पेटंटच्या शोधकामात माझी बारा वर्षं नागपुरात स्क्रीनसमोर गेली. २०२३ च्या मे महिन्यात आर्वी तालुक्यातून एका काकांचा फोन आला, "साहेब, माया मातीचं पेटंट करून द्या." कुतूहलापोटी गेलो.

काका कुंड्यांमध्ये मायकोरायझा, म्हणजे पिकाच्या मुळांशी जोडून त्यांना जमिनीतलं अन्न मिळवून देणारी बुरशी, वाढवतात. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढतच नाही. प्रयोगशाळेतसुद्धा तिला मूळ द्यावंच लागतं. काकांनी बांधावरच्या बाभळीखालची माती आणून तिच्यात ज्वारी पेरली. शेवटी पाणी तोडायचं, म्हणजे बुरशी जास्त बीजाणू धरते. मग धांडे कापायचे आणि मुळ्या बारीक करून मातीसकट तुरीच्या तासात. पद्धत शिबिरात शिकलेली. बाभळीची माती आणि पाणी तोडायचा दिवस मात्र त्यांचा स्वतःचा.

मागच्या हंगामात एक खतवाला बकेटभर माती घेऊन गेला होता. "त्यानं पेटंट घेतलं त मायाच वावरात मले पैसे मागन!"

मी १९७० च्या कायद्याचं कलम ३ समजावलं. निसर्गात सापडलेल्या जीवावर पेटंट नाही, शेतीच्या पद्धतीवरही नाही. म्हणून माझ्यासमोर येणाऱ्या अर्जांत बुरशी एकटी क्वचितच असते. आपल्याकडच्या उन्हात तिला जिवंत ठेवणारा वाहक, म्हणजे ती ज्यात मिसळून विकतात तो पदार्थ, बियाण्यावरचा लेप, जिवाणूंशी जोडी, असं काहीतरी सोबत असतं. खतवाला शहाणा असेल तर तोही तसंच काही जोडून अर्ज करेल.

"म्हंजे मले काईच नाई भेटत. बरं झालं, पुसाले लावलं."

"काय पुसायला?"

गोठ्याची भिंत! १ जुलै २०१९ ला, कृषी दिनाच्या दिवशी, काकांनी अख्खी कृती तारखेसकट गेरूनं तिथं लिहिली होती. चार वर्षं गाव ती वाचत होतं. जे आधीच जगजाहीर आहे ते नवीन ठरत नाही. काकांसाठी नाही आणि खतवाल्यासाठीही नाही. त्याचा अर्ज प्रसिद्ध झालाच, तर हरकत घ्यायला याहून चांगला पुरावा कुठला? वाचणाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं मागाहून जोडता आली असती.

"काका, चुना थांबवा!"

आम्ही धावलो. पोरगं शिडीवर, हातात कुंचा. वरच्या दोन ओळी गेल्या होत्या, आणि त्यात नेमकी पाणी तोडायचीच ओळ.

"पहिलेच सांगाव ना बाप्पा," काका कुंचा हिसकावत म्हणाले.

नशीब, चुना अजून ओला होता. वाळेपर्यंत खालचा गेरू दिसत राहतो. तेवढ्यात मी फोटो काढले.