केप्याच्या वाड्याची बाग

मडगावहून केप्यापर्यंतच्या बसप्रवासाविषयी सांगण्यासारखे फारसे काही नाही. सांगायचे आहे ते दक्षिण गोव्यातल्या या गावात चर्चसमोर, कुशावती नदीच्या काठी उभ्या असलेल्या ‘पालासियो दो देआंव’ या वाड्याविषयी, आणि त्याहून अधिक त्याच्या बागेविषयी.

हैदरअलीने १७६३ मध्ये आजच्या उत्तर कन्नडातले सोंधे राज्य घेतले, सोंधेकर राजा पोर्तुगिजांच्या आश्रयाला आला आणि केप्यासह त्याचा घाटाखालचा मुलूख हळूहळू पोर्तुगीज अमलाखाली गेला. त्या मुलखात जुझे पावलो या डीनने, म्हणजे चर्चच्या एका वरिष्ठ धर्माधिकाऱ्याने, केपे गाव वसवले, चर्च उभारले आणि १७८७ मध्ये त्याच्यासमोर हा वाडा बांधला. पुढे तो व्हाइसरॉयांचे विश्रांतिस्थान झाला, कालांतराने तिथे निराधार स्त्रियांचा आश्रम आला. मधल्या काळातील पडझडीनंतर एका दांपत्याने तो नेटाने पुन्हा उभा केला. अशा वास्तू सरकारी कुलपात कुजण्यापेक्षा नांदत्या राहाव्यात, या माझ्या मताला इथे बळ मिळाले.

पावसाने नुकतीच उघडीप दिली होती. चिऱ्यांच्या सांध्यांतून नेचे फुटले होते, पायऱ्यांवर शेवाळ दाटले होते आणि पानांवरून निथळणारे पाणी नदीच्या दिशेने वाट काढीत होते. नदीकडे उतरत जाणारी ही बाग सपाट हिरवळीसारखी एका नजरेत संपत नाही. झाडांच्या फटीतून पाणी दिसते, दोन पावलांवर पुन्हा झाकले जाते, आणि त्यामुळे चालणाऱ्याचा वेग आपोआप मंदावतो. त्याच वेळी आलेल्या एका सहलीच्या घोळक्याने मात्र कठड्याला टेकून छायाचित्रे काढली, व्हाइसरॉयांच्या खोलीची तेवढी चौकशी केली आणि आश्रमाचा विषय निघताच जेवणाची घाई चालवली. मला त्याचा मनापासून राग आला. व्हाइसरॉय विसाव्यापुरते येत. आश्रमातील बायकांचा संसार मात्र याच भिंतींच्या आत चालला. याच वाटेने त्यांनी पाणी वाहिले असेल, याच उतारावर कपडे वाळत घातले असतील, असे वाटून मी बराच वेळ पायऱ्यांवर बसून राहिले.

जेवण आगाऊ कळवल्यास नदीकडच्या व्हरांड्यात मिळते आणि ते घाईने उरकण्याचे नव्हेच. जाणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे की घरातील माणसांना डीनइतकेच त्या आश्रमाविषयीही विचारावे.